कुमुदताईंचे हात आणि माझा डबल डोस

खंडेनवमीला आमच्या दुकानात पेचकस, पक्कड, धूळ उडवायचा ब्लोअर असं सगळं पाटावर मांडून त्याची पूजा होते. दुकान वसमतचं, त्यामुळे हळदीला काही तोटा नाही. त्या पाटावर एक जुना कीबोर्डही असतो. त्याच्यावरची अक्षरं जवळपास सगळी पुसून गेलेली आहेत. अक्षरंच दिसत नाहीत तर दाबायचं काय, म्हणून तो कुणी फुकटसुद्धा नेला नाही. बायको दर वर्षी विचारते, "हे भंगार काहून पुजता हो?" आणि मी दर वर्षी काहीतरी थाप ठोकून देतो. यंदापासून ती थाप बंद करायची आहे.

मी दिगंबर. पंचवीसेक वर्षं वसमतमध्ये कॉम्प्युटर दुरुस्त केले. आता दुकान धाकटा भाऊ बघतो आणि मी बाजूच्या खुर्चीवर बसून त्याला नको असलेले सल्ले देतो. या दिवाळी अंकाचे संपादक आमचे जुने गिऱ्हाईक. ते म्हणाले, "दिगंबरराव, दुकानातल्या गमती लिहा. दिवाळीत लोक हसले पाहिजेत." गमतींना तोटा नाही. हट्ट्याचे एक काका कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून, जीपच्या पुढच्या सीटवर लेकरासारखा मांडीवर घेऊन यायचे. मी विचारलं, "काका, गोधडी कशाला?" तर म्हणाले, "हवा लागू न्हाई म्हणून. व्हायरस हवेतूनच येतो न?" हळदीचे एक व्यापारी होते, त्यांनी मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली होती. मी हसलो तर म्हणाले, "हसू नका. औषध तुमचं चालू द्या, दृष्ट आमी काढतो."

आज सांगतो, त्या लिंबू-मिरचीनं कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते माझ्या औषधानं.

औषध म्हणजे अँटिव्हायरस. आमच्याकडे त्याला सगळे औषधच म्हणायचे, मीसुद्धा. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन शब्दांत सांगतो. लग्नाची गाणी, फोटो, परीक्षेचे पेपर घेऊन पेनड्राइव्ह गावभर फिरायचे आणि त्यांच्यातून व्हायरस या मशीनमधून त्या मशीनमध्ये जायचा. अँटिव्हायरस म्हणजे दारावर बसवलेला राखणदार. तुम्ही कुठलीही फाइल उघडली की तो आधी तिची झडती घेतो आणि मगच आत सोडतो. झडती घ्यायला वेळ लागतो, मशीनची ताकद लागते. चांगल्या कंपनीचा राखणदार हे काम झटपट करतो आणि नवीन चोरांची माहिती रोज मागवून घेतो. त्याची किंमतही तशीच असते, आणि ती दर वर्षी भरावी लागते.

आमच्या गिऱ्हाइकाला वर्षाला पैसे भरणं पटायचं नाही. "एकदाच घालून टाका न भाऊ," असा एकच धोशा. मग मी नांदेडहून स्वस्तातला माल आणायला लागलो. नाव कुणी ऐकलेलं नाही, डबी चकचकीत, डबीवर ढाल आणि तलवार. डबीत औषध चालू करायचा लांबलचक नंबर असायचा, त्याला आम्ही चावी म्हणायचो; एक चावी एकाच मशीनला लावायची असा कंपनीचा नियम होता. मी एकेक चावी दहा-दहा मशीनला लावायचो. दोन-तीन महिन्यांत कंपनीला पत्ता लागायचा आणि ती चावी बंद व्हायची. मग राखणदाराला नवीन चोर ओळखू यायचे नाहीत, पण तो दारातून उठायचा मात्र नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती चालूच. चोर आत आणि घरचीच माणसं दारात खोळंबलेली, असा तो कारभार होता.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण स्वस्त औषधानं व्हायरस मरेनात, लोक तक्रार घेऊन यायला लागले, तेव्हा मला एक शक्कल सुचली. आपला सगळा मुलूख फवारणीचा. पंपात एका औषधानं अळी आवरली नाही की दुसरं मिसळायचं, हे इथं सगळ्यांना ठाऊक. मी सांगायला लागलो, "एका औषधानं मरून न्हाई राहिले. दुसरं बी घालून देतो. एकातून सुटला तर दुसऱ्यात मरंल. डबल डोस." ऐकणारा माणूस मान डोलवायचा. त्याला ते लगेच पटायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही पटायचं. दोन औषधं भलतीच मिसळली की पीकच करपतं, हेही इथं सगळ्यांना ठाऊक असतं, पण ती निम्मी गोष्ट माझ्या तोंडून कधी निघाली नाही, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणी काढलीही नाही.

कुमुदताई कुरुंद्याच्या. यजमानांकडे गावातल्या देवळाची पूजा, आणि ताई घरच्या ओसरीवर टायपिंग करायच्या. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, शाळेच्या प्रश्नपत्रिका, लग्नाळू पोरापोरींचे बायोडाटा. लग्नाआधी त्या जुन्या टाइपरायटरवर शिकलेल्या. दहाही बोटं चालायची आणि नजर कधी खाली जायची नाही. समोरचा माणूस आपलं गाऱ्हाणं सांगतोय, ताई त्याच्या तोंडाकडे बघून "हं, पुढं?" म्हणतायत आणि खाली बोटं चाललीत, हे बघायला लोक उगाच ओसरीवर बसायचे. माणूस गाऱ्हाणं सांगून घाम पुसेपर्यंत अर्ज तयार. त्यांच्या अर्जात काना-मात्रेची चूक सापडायची नाही. तहसीलमधला एक कारकून अर्ज हातात घेतल्या घेतल्या म्हणायचा, "कुरुंद्याच्या ताईंचा दिसतो."

त्यांचा कॉम्प्युटर मीच विकलेला. आधीचं औषधही माझंच. एकदा शाळेच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस आला, प्रश्नपत्रिका उडाल्या, ताई घाबरून दुकानात आल्या. म्हणाल्या, "भाऊ, शाळेचा विश्वास आहे माझ्यावर. पक्का बंदोबस्त करून द्या." मी पहिलं औषध न काढता त्याच्यावर दुसरं घातलं. वर ऐटीत म्हणालो, "ताई, आता डबल डोस हाय. बिनघोर राहा."

महिना-दीड महिन्यानं ताई परत आल्या. मशीन सोबत आणलं नव्हतं, एकट्याच आल्या होत्या. खुर्चीवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, अक्षरं मागं राहतात हो. मी ओळ संपवते तरी पडद्यावर निम्मीच असते. मग एकदम भरभर येतात. कधी एखादं अक्षर येतच नाही. चुका व्हायला लागल्यात माझ्या."

दुसऱ्या दिवशी मी कुरुंद्याला गेलो. मशीन चालू केलं आणि टाइप करून पाहिलं. आता मी टाइप कसा करतो ते सांगितलं पाहिजे. आम्ही दुरुस्तीवाले. दोन बोटांनी, अक्षर शोधत शोधत, कोंबडीनं दाणे टिपावेत तसं. मी एक अक्षर दाबलं, ते आलं. दुसरं दाबलं, तेही आलं. सगळं नीट. मी म्हणालो, "ताई, मशीन तर बराबर हाय." ताईंनी माझ्या बोटांकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. ती नजर मला त्या दिवशी कळली नाही.

एवढं होईस्तोवर माझा गुन्हा अज्ञानाचा होता. मला खरंच ठाऊक नव्हतं. पुढचा गुन्हा मात्र अज्ञानाचा नाही.

पंधराएक दिवसांनी हट्ट्याच्या त्याच काकांनी गोधडीतून मशीन आणलं. "भाऊ, हे लय सुस्त झालंय. चालू केलं की आमी चहा पिऊन येतो, तरी हे आपलं जांभया देऊन राहिलं." त्यालाही मी डबल डोस घातलेला. दुपारी निवांत होतो म्हणून खोलात शिरलो. पाहतो तर काय, दोन्ही राखणदार एकमेकांचीच झडती घेतायत! हा एक फाइल उघडतो, तो त्याला अडवतो. तो उघडतो, हा त्याला अडवतो. फाइल वाचताना लुकलुकणारा मशीनवरचा बारका दिवा क्षणभरही विझत नव्हता. सगळी ताकद या दोघांच्या भांडणात जात होती आणि मालकाच्या वाट्याला उरलंसुरलं येत होतं. मी दोन्ही औषधं काढून टाकली. मशीन उड्या मारायला लागलं.

आणि तिथंच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझ्या दोन बोटांना ते मशीन पुरत होतं. ताईंच्या दहा बोटांना पुरत नव्हतं. त्यांचे हात मंद झाले नव्हते हो! माझ्या औषधानं मंद झालेल्या मशीनपेक्षा ते हात कितीतरी तेज होते, एवढंच काय ते झालं होतं.

त्याच वेळी गाडीला किक मारून कुरुंदा गाठायला पाहिजे होतं. अर्ध्या तासाची वाट. मी गेलो नाही. कारण डबल डोस एकट्या ताईंना विकला नव्हता. दोन शाळा, एक पतसंस्था, किती दुकानं, वकील, डॉक्टर. एकाला खरं सांगितलं की सगळे दारात उभे राहणार, आणि वसमतमध्ये दिगंबरचं नाव जे काय होतं ते मातीत जाणार. मी ठरवलं की जो तक्रार घेऊन येईल त्याचं गुपचूप एक औषध काढायचं, वर "सर्व्हिसिंग केली" म्हणायचं, आणि मूग गिळून बसायचं. तसंच केलंही. लोक उलट खूश झाले, "भाऊच्या हाताला गुण हाय" म्हणाले. तो गुण मला आजही टोचतो.

ताई दिवाळीच्या जरा आधी आल्या. उजव्या हाताच्या बोटांना मालिशच्या तेलाचा वास येत होता. मी विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "नांदेडला डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणतात नसा ठीक आहेत. ताकदीची इंजेक्शनं दिली. फरक नाही." मग बोटं पदराखाली घेऊन म्हणाल्या, "शाळेनं पेपर दुसरीकडे दिले, भाऊ. सातवीच्या पेपरात माझ्याकडून दोन अक्षरं गळली. मुख्याध्यापक चांगले आहेत, काही बोलले नाहीत. पण ते बोलले नाहीत हेच जास्त लागलं."

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यातला एक पतसंस्थेचा माणूस, माझ्याकडून डबल डोस नेलेला. ताईंनी माझ्याकडे सरळ पाहिलं आणि विचारलं, "मला खरं सांगा. मशीनमध्ये काही आहे, का माझे हातच गेले? तुम्ही सांगाल ते मी खरं धरीन."

आता हे वाक्य लिहिताना माझे कान तापलेत. मी म्हणालो, "मशीन बराबर हाय, ताई. वय व्हतंच की माणसाचं."

ताई अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या.

त्या "बरं" म्हणाल्या. रागावल्या नाहीत, वाद घातला नाही. पिशवी उचलली आणि निघाल्या. मला वाटलं होतं, दोन दिवसांनी जाऊन सर्व्हिसिंगच्या नावाखाली एक औषध काढून येऊ, कुणाला कळणार आहे? पण दिवाळीचं काम निघालं, मग लगीनसराई आली, आणि खरं म्हणजे त्या ओसरीवर जायची मला हिंमतच झाली नाही. चोराच्या मनात चांदणं. ताईंनीच निरोप पाठवला की टायपिंग बंद केलंय, कॉम्प्युटर घेऊन जा आणि कुणा गरजवंताला द्या. मी गेलो तेव्हा यजमान एकटे ओसरीवर बसले होते. ते म्हणाले, "ती आतच हाय. बाहेर येत न्हाई म्हणते." मशीनवर स्वच्छ धुतलेला रुमाल घातलेला होता. मी चोरासारखं ते उचललं आणि निघालो.

दुकानात आणून दोन्ही औषधं काढली. पाच मिनिटांचं काम. मशीन पाण्यासारखं चालायला लागलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मशीन एका गरजवंताला दिलं. कीबोर्ड तेवढा राहिला.

त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. डबल डोस मी त्याच वर्षी बंद केला, एका चावीवर दहा मशीनं चालवणंही सोडलं. लोक म्हणाले, दिगंबर महाग झाला. हे माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे, आणि त्यानं ताईंचं काहीच भरून निघत नाही.

यंदा श्रावणात संपादकांसाठी गमती लिहायला बसलो. गोधडी लिहिली, लिंबू-मिरची लिहिली. पुढं "डबल डोस" अशी तिसरी गंमत लिहिली, आणि पेन जागच्या जागी थांबलं. म्हणजे ही पण गंमत झाली का रे दिगंबर? मी कीबोर्ड पिशवीत घातला आणि कुरुंद्याला गेलो.

ताईंनी दार उघडलं. केस पांढरे झालेत, बाकी तशाच. "अगंबाई, दिगंबरभाऊ! किती वर्षांनी!" म्हणून त्यांनी पाणी दिलं. मी पाणी प्यायच्या आधीच सगळं ओकून टाकलं. दोन औषधं, हट्ट्याचं मशीन, माझी दोन बोटं, आणि दुकानात सगळ्यांसमोर बोललेलं ते वाक्य. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा तोंड उघडलं नसतं, म्हणून थांबलो नाही.

ताईंनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माझे हात बरोबर होते?"

"व्हय, ताई."

"आणि तुम्हाला ते ठाऊक होतं? मी विचारलं तेव्हा?"

"व्हय."

त्यांचा चेहरा लाल झाला. "मी लोणच्याच्या बरणीचं झाकण लावताना घाबरायची, माहीत आहे तुम्हाला? हात गेलेत म्हणून. देवापुढं दिवा लावताना यांना म्हणायची, तुम्ही लावा, माझ्या हातून पडेल. नातवाला अंघोळ घालायला दिला तर मीच नको म्हणाले, निसटेल म्हणून. लोकांनी नाही सांगितलं मला, मीच सांगत फिरले. आख्ख्या गावाला सांगितलं, माझे हात गेले." आवाज चढला होता. "तुम्ही एक वाक्य बोलला असता, तर काय गेलं असतं तुमचं?"

मी म्हणालो, "नाव गेलं असतं."

"मग आता जाऊ द्या की!"

मी हात जोडले. म्हणालो, "ताई, माफी करा." त्या म्हणाल्या, "माफीचं मग बघू. मी चार माणसांत सांगितलं होतं की हात गेले. आता तुम्ही चार माणसांत सांगा की ते गेले नव्हते. असं माझ्या दारात उभं राहून पुटपुटून नाही चालायचं." मी दिवाळी अंकाचं सांगितलं. जरा विचार करून त्या म्हणाल्या, "चालेल. हातानं लिहून आणा. टाइप मी करीन."

"ताई, एवढ्या वर्षांनी..."

"भाऊ, वय काढू नका आता."

मी पिशवीतून कीबोर्ड काढला. त्यांनी तो मांडीवर घेतला, पदरानं पुसला. फटीत बसलेली खंडेनवमीची हळद बोटाला लागली. "हा तर माझाच," म्हणाल्या. "अक्षरं पुसली म्हणून टाकला नाहीत?" त्यांनी दहाही बोटं त्याच्यावर ठेवली. तारेला काहीच जोडलेलं नव्हतं. बोटं आधी चाचपडली, एकदा अडखळली, आणि मग चालायला लागली. ताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, खाली बघत नव्हत्या.

दुसऱ्या आठवड्यात मी दुकानातलं एक मशीन नेऊन ओसरीवर मांडलं, त्याला तोच कीबोर्ड जोडला. त्यात औषध एकच, रीतसर चावीचं. मग हे लिखाण नेऊन दिलं. आता तुम्ही वाचताय ते ताईंनी टाइप केलेलं आहे. माझं मराठी त्यांनी सुधारलं. मी 'हाय' लिहिलेलं बऱ्याच ठिकाणी 'आहे' केलं, बोलण्यातलं तसंच ठेवलं. मजकुराला हात लावला नाही.

फक्त एका जागी लावला. शेवटी मी लिहिलं होतं, "माझ्याकडून थोडी चूक झाली." ताईंनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्यासमोर 'थोडी' खोडलं. मग 'चूक'ही खोडलं. म्हणाल्या, "चुका माझ्या झाल्या होत्या, सातवीच्या पेपरात. तुमचं काय झालं ते नीट लिहा."

मी खोटं बोललो. ताईंचे हात शाबूत होते आणि ते मला ठाऊक होतं.